शर्यतीचं शेपूट

"यंदाची एकवीस किलोमीटरची शर्यत दोन तासांच्या आत मारणार म्हणजे मारणार!" असं सुसाटरावांनी सगळ्या धावणाऱ्या मंडळींसमोर छाती ठोकून जाहीर केलं, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांच्या उजव्या टाचेने संप पुकारला!

सुसाटराव हे काही त्यांचं जन्मनाव नव्हे. धावणाऱ्या मंडळींनी ते कौतुकाने ठेवलेलं. पण वापरात असलेलं नाव तेवढं एकच. घरी हाक मारायला दुसरं कोणी नव्हतं, आणि कामावर हाक मारायची कोणाला गरज पडत नसे. सुसाटराव कवळ्या बनवायचे. दातांच्या दवाखान्यामागे एक खोली होती, तिथे दिव्याखाली मान घालून ते मेणात दात बसवत. पुढे डॉक्टर, पेशंट, गप्पा, कण्हणं, सगळं चालायचं. मागे सुसाटरावांकडे यायचे ते प्लास्टरचे साचे. दिवसभर समोर उघडी तोंडं, पण बोलत मात्र एकही नसे!

त्यामुळे सकाळी धावता धावता जे काय बोलणं होई, तेवढीच त्यांची दिवसाची शिदोरी. आणि आता टाच म्हणत होती, बस झालं.

"किती दुखतं?" फिजिओबाईंनी विचारलं.

"दुखत असं नाही. जरा जाणवतं."

बाईंनी टाचेवर अंगठा दाबला. सुसाटराव असे ओरडले, की बाहेर बसलेला एक पेशंट न सांगता बरा होऊन घरी गेला.

"धावणं बंद," बाई म्हणाल्या.

"बंद म्हणजे रोज साधारण किती?"

"बंद म्हणजे बंद!"

"ते कळलं हो. पण बंद म्हणजे... तीन-चार किलोमीटर?"

बाईंनी पाणी भरून गोठवलेली बाटली हातात दिली आणि ती रोज टाचेखाली फिरवायला सांगितली.

मग सुरू झाली घासाघीस! सुसाटरावांनी टाचेला सांगितलं, दोन तास राहू दे, सव्वादोन चालतील. टाच गप्प. बरं, एकवीस नको, दहा करू. टाच ठणकली. पाच? जास्तच ठणकली. आठवडे जाता जाता सुसाटरावांचं ध्येय उतरत उतरत ‘बूट घालून जिन्यापर्यंत जाऊन येणे’ इथवर आलं, आणि तेही त्यांना दोन भागांत करावं लागलं.

मंडळींचे निरोप सुरुवातीला रोज यायचे. ‘लवकर बरे व्हा!’ मग नुसता अंगठा यायला लागला. मग तोही थांबला. त्यांचा वाईट हेतू नव्हता, धावणारा माणूस मागे कशाला बघेल? पण मंडळींचा रस्ता सुसाटरावांच्या खिडकीखालून जायचा. पहाटे बुटांचा आवाज आला की ते बाटली घेऊन खिडकीशी बसायचे. एकदा तर त्यांनी मुद्दाम दिवा लावून ठेवला, निदान कोणी वर बघून हात तरी करेल! कोणीही बघितलं नाही. बोलण्याच्या नादात होते सगळे.

आणि अशात मंडळींच्या कप्तानाचा फोन आला.

"सुसाटराव, नवख्यांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत तुमच्यासाठी एक फार जबाबदारीचं पद आहे!"

सुसाटराव खुर्चीत ताठ झाले. "कुठलं?"

"शेपूट!"

"काय म्हणालात?"

"अहो, सगळ्यात शेवटी जो स्पर्धक असतो ना, त्याच्या मागे मागे चालत यायचं. धावायचं नाही! त्याला धीर द्यायचा. तुमच्या मागे ॲम्ब्युलन्स, तिच्या मागे ट्रक. ट्रकवाले खुणेचे त्रिकोण उचलत येणार आणि रस्ता मोकळा होत जाणार. जिथे तुम्ही, तिथे शर्यतीचा शेवट! आहे की नाही मान?"

"आहे," सुसाटराव म्हणाले. शिपाई, चौकीदार, काहीही म्हटलं असतं तरी ते हो म्हणाले असते.

"आणि हो, पाइपलाइनसाठी रस्ता खणलाय, त्यामुळे एक-दोन वळणं ऐनवेळी बदलतील. तुम्ही डोक्याला ताप करून घेऊ नका. शेवटचा माणूस जिकडे जाईल तिकडे तुम्ही!"

हे वाक्य सुसाटरावांनी जपून ठेवलं. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

शर्यतीच्या दिवशी त्यांना एक नारिंगी जाकीट मिळालं. त्यावर पाठीमागे ताटाएवढ्या अक्षरांत ‘शेवट’ असं लिहिलेलं. बाकी साऱ्यांना पिवळेधमक शर्ट. शिट्टी झाली, पिवळा लोंढा सुटला, आणि बघता बघता त्यातला एकच ठिपका मागे उरला. ते होते एक सलूनवाले. गोल, घामाघूम, आणि पहिल्यांदाच असल्या भानगडीत पडलेले.

आता सलूनवाले म्हणजे धंद्यानेच बोलके. पण त्या दिवशी त्यांना तोंड उघडायची संधी मिळेल तर शपथ! सुसाटरावांना किती तरी आठवड्यांनी सोबत चालणारा माणूस मिळाला होता. धरण फुटावं तसे ते सुटले! टाचेपासून जे सुरू झाले ते वरच्या जबड्यापर्यंत पोचले. कवळी सैल का होते, घट्ट का होते, हसताना का पडते, शिंकताना कुठे जाते!

"तुम्हाला सांगतो, माणसाचा खालचा जबडा म्हणजे..."

"आलोच मी," सलूनवाले पुटपुटले.

सुसाटरावांनी ते ऐकलंच नाही. टाच ठणठणायला लागली होती, म्हणून ते रस्त्याच्या कडेला दगडावर बसले, बूट काढला आणि बाटली पायाखाली फिरवत, मान खाली घालून, खालच्या जबड्याचं राहिलेलं पूर्ण केलं. तेवढ्यात सलूनवाले मागच्या बाजूला ठेवलेल्या फिरत्या शौचालयात शिरले आणि आतून कडी लावून घेतली.

सुसाटरावांनी मान वर केली. शेजारी कोणी नाही! दूर पुढे, कोपऱ्यावर, एक पिवळा शर्ट झपाझप चाललेला.

"अरे वा! सलूनवाल्यांनी जोर धरला!" म्हणत त्यांनी बूट चढवला आणि ते लंगडत त्या शर्टामागे निघाले. ॲम्ब्युलन्सचा चालक पेंगत होता, तो जागा होऊन त्यांच्या मागे निघाला. त्याच्या मागे ट्रक.

जवळ गेल्यावर दिसलं, पिवळ्या शर्टात सलूनवाले नव्हते, एक बाई होत्या. पन्नाशीच्या, काटक, केस घट्ट बांधलेले. सुसाटरावांना क्षणभरही शंका आली नाही. उलट त्यांचा ऊर भरून आला. म्हणजे सलूनवाल्यांनी या बाईंना मागे टाकलं! आणि बिचाऱ्या बाई आता शेवटच्या झाल्या!

खरी गोष्ट अशी, की बाई कसल्याही शर्यतीत नव्हत्या. रोजच्यासारख्या सकाळच्या फेरीला निघाल्या होत्या. शर्ट त्यांना भाच्याने दिलेला, मागच्या वर्षीच्या शर्यतीचा. आता स्पर्धकाचा नंबर असतो छातीवर, आणि शेपटाने शेवटच्या माणसाच्या पुढे जायचं नाही हा नियम. त्यामुळे सुसाटरावांना दिसत होती फक्त पाठ.

"शाब्बास ताई!" ते मागून ओरडले. "मस्त चाललंय!"

बाईंनी खांद्यावरून मागे बघितलं आणि वेग वाढवला.

"वा! दम आहे अजून तुमच्यात!"

बाईंनी आणखी वाढवला.

"घाबरू नका ताई! मी आहे ना तुमच्या मागे! अगदी शेवटपर्यंत!"

"कशाला?" बाई न थांबता म्हणाल्या.

"कामच आहे ते माझं."

"माझ्या मागे येणं?"

"जो शेवटचा असेल त्याच्या मागे. आज तुमचा नंबर लागलाय!"

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पुन्हा मागे नजर टाकली. "आणि ती ॲम्ब्युलन्स का येतेय?"

"तीही तुमच्यासाठीच!" सुसाटराव प्रेमाने म्हणाले. "लागली तर!"

"मला काहीही झालेलं नाही!"

"सगळ्यांना असंच वाटतं हो. पण छातीत कधी धडधडायला लागेल, काही सांगता येतं का?"

"लागलंय आत्ताच!" बाई म्हणाल्या.

झालं! सुसाटरावांनी दोन्ही हात वर करून ॲम्ब्युलन्सला जवळ यायची खूण केली. चालकाने भोंगा दिला. भोंगा ऐकून बाई जवळजवळ पळायलाच लागल्या. बाई पळताहेत हे बघून सुसाटराव लंगडत पळायला लागले, सुसाटराव पळताहेत म्हणून ॲम्ब्युलन्स सुटली आणि ॲम्ब्युलन्स सुटली म्हणून ट्रकवाल्यांनी त्रिकोण उचलायचे सोडून गाडी तिच्या मागे दामटली. शर्यतीचा रस्ता डावीकडे मैदानाकडे गेला. बाई उजवीकडच्या गल्लीत वळल्या.

"बदललेलं वळण ते हेच!" सुसाटराव म्हणाले, आणि सगळी वरात गल्लीत शिरली.

टाचेतून कळा डोक्यात जात होत्या. तरी सुसाटरावांना एक गोष्ट सारखी टोचत होती. या बाईंचा आवाज आपण कुठेतरी ऐकलाय! खूप वेळा ऐकलाय!

गल्लीच्या टोकाला एक तीन मजली इमारत होती. बाई फाटकातून आत घुसल्या आणि जिन्याजवळच्या स्कूटरींच्या रांगेशी भिंतीला टेकून धापा टाकायला लागल्या. किल्ली हातात होती, पण जिना चढायला दम उरला नव्हता. तोवर भोंगा वाजवत ॲम्ब्युलन्स दारात येऊन उभी! खिडक्या उघडल्या, दारं उघडली. तळमजल्यावरच्या काकू तोंडात दात घासायचा ब्रश घेऊन बाहेर आल्या. पहिल्या मजल्यावरचे आजोबा एका पायात चप्पल घालून उतरले. चालकाने स्ट्रेचर बाहेर काढलं.

"कोण आहे? कोण गेलं?" आजोबांनी विचारलं.

"दुसऱ्या मजल्यावरच्या त्या बाई असणार," काकू फेस सावरत म्हणाल्या. "एकट्याच असायच्या."

"अरेरे! काल-परवाच जिन्यात दिसल्या होत्या."

"फार चांगल्या होत्या हो. कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात."

"नाव काय हो त्यांचं?" चालकाने विचारलं.

काकूंनी आजोबांकडे बघितलं. आजोबांनी काकूंकडे. मग काकूंनी शेजारीच पिवळ्या शर्टात धापा टाकत उभ्या असलेल्या बाईंना विचारलं, "तुम्ही ओळखत होता का त्यांना?"

"थोडंफार," बाई म्हणाल्या.

फाटकाला धरून उभ्या असलेल्या सुसाटरावांनी हे ऐकलं. आत्तापर्यंत त्यांच्या ओठांवर ‘ताई, थांबू नका, आता थोडंच राहिलं!’ हे वाक्य तयार होतं. ते त्यांनी गिळलं. त्या बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते त्यांना चांगलं ओळखीचं होतं. खिडकीत दिवा लावून बसल्यावर काचेत ते त्यांना स्वतःच्याच चेहऱ्यावर दिसलं होतं.

आणि मग बाई कडाडल्या!

"कृपया इकडे लक्ष द्या! दुसऱ्या मजल्यावरच्या बाई जिवंत आहेत! त्या आपल्यासमोर उभ्या आहेत! कृपया दारात गर्दी करू नये!"

सगळी गल्ली सवयीने दोन पावलं मागे सरकली. आजोबा तर खाली वाकून सामान शोधायला लागले.

"अहो, हा तर बसस्टँडवरचा आवाज!" ट्रकमधला एक जण ओरडला.

खरंच की! फलाट कुठला, गाडी कुठली, उशीर किती, हे सगळ्या गावाला रोज सांगणाऱ्या त्या बाई! हजारो माणसं त्यांचं ऐकायची, पण उलट उत्तर द्यायची सोय नव्हती. आणि ज्या इमारतीत त्या वर्षानुवर्षं राहत होत्या, तिथे तो आवाज त्यांचा आहे हे कोणालाही माहीत नव्हतं.

"ताई," सुसाटराव चाचरत म्हणाले, "तुमचा नंबर कुठाय?"

"कसला नंबर?"

सुसाटरावांनी पहिल्यांदाच बाईंना समोरून नीट बघितलं. छातीवर नंबर नव्हता. मागच्या वर्षीचं साल होतं. ते वाचून त्यांची टाच दुखायचीच थांबली.

तेवढ्यात फोन वाजला.

"सुसाटराव!" कप्तान किंचाळत होता. "कुठे आहात? पाहुणे केव्हाचे ताटकळलेत! तुम्ही आल्याशिवाय शर्यत संपली असं जाहीर करता येत नाही! शेवटचा माणूस कुठाय?"

"माझ्यासमोर आहे."

"समोर म्हणजे कुठे?"

"म्हणजे... त्यांच्या घरी."

कप्तानाने फोन आपटला.

बाईंना सगळा प्रकार सांगताना सुसाटरावांना ब्रह्मांड आठवलं. बाईंनी ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "आणि तो खरा शेवटचा माणूस?" एवढंच त्यांनी विचारलं. तोवर काकूंनी चूळ भरून बाईंचा हात धरला होता, "आधी आत चला, चहा घ्या, काय धसका बसला असेल!" आजोबांनी खुर्ची आणली. बाई त्या घोळक्यात दिसेनाशा झाल्या. माफी मागायची राहूनच गेली.

सुसाटरावांनी पाऊल उचललं, तर टाच जमिनीला टेकायलाच तयार नाही! चालकाने त्यांना स्ट्रेचरवर आडवं केलं आणि गाडी मैदानाकडे पिटाळली. अशा रीतीने, शेवटच्या स्पर्धकाला धीर देत आणायला गेलेले सुसाटराव अंतिम रेषा ओलांडून आले ते आडवे! लोकांना वाटलं, कोणी तरी जिद्दी धावपटू आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी तर तिथल्या तिथे चिकाटीवर भाषण केलं.

सलूनवाले गळ्यात पदक घालून पायरीवर केळं खात बसले होते.

"तुम्ही पोचलात?" सुसाटराव स्ट्रेचरवरून उठून बसले.

"केव्हाच. शौचालयातून बाहेर आलो तर त्रिकोण नाहीत, ट्रक नाही, तुम्ही नाही! शांत रस्ता. मजेत आलो."

"पोट बरं आहे ना आता?"

"पोटाला काय झालंय?" सलूनवाले म्हणाले. "माझे कान दुखत होते!"

मंडळी गडगडाटी हसली. सुसाटरावही हसले. कप्तानाने जाकीट परत घेताना त्यांच्या पाठीवर थाप मारली, "पुढच्या वर्षी तुम्ही प्रेक्षकांत बसा!" मग कडेच्या प्रथमोपचाराच्या तंबूत एकाने टाचेला पट्टी बांधली, त्यात वेळ गेला. पट्टी बांधून सुसाटराव मैदानात आले तेव्हा मंडळी एकत्र नाश्त्याला निघून गेली होती. कुठे, ते सांगायचं कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. दोन कामगार तेवढे कमान मोडत होते. त्यांच्याशी काय बोलावं ते न सुचून सुसाटराव घरी आले.

त्या आठवड्यात फिजिओबाईंनी टाच तपासली, मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावली.

"आता धावायचं डोक्यातून काढा. हळूहळू चाला. वेग किती हवा, तर चालता चालता बोलता आलं पाहिजे."

"कोणाशी?" सुसाटरावांनी विचारलं.

बाईंनी वर बघितलं. सुसाटराव थट्टा करत नव्हते. बाईंनी उगाचच पट्टी सोडून परत बांधली.

पुढच्या रविवारी सुसाटराव त्याच रस्त्यावर जाऊन उभे राहिले. फक्त माफी मागायची आणि परत फिरायचं, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. माफीबरोबर आणखी काय काय बोलायचं, तेही ठरवलं होतं. आठवडाभर प्लास्टरच्या तोंडांसमोर त्यांनी त्याचा सराव केला होता.

बाई आल्या. झपाझप. सुसाटरावांना बघून क्षणभर थबकल्या.

"आज ॲम्ब्युलन्स नाही?"

"नाही. आज मी एकटाच आहे."

"मग मागून येऊ नका. बाजूने चाला," बाई म्हणाल्या आणि निघाल्यासुद्धा!

सुसाटराव बाजूने निघाले. चार पावलं बाजूने होते. मग अर्धं पाऊल मागे पडले, मग एक, आणि बघता बघता पुन्हा त्यांना दिसायला लागली ती पाठ! हाक मारावी तर बाई म्हणतील, परत मागे लागला. गप्प बसावं तर त्या चालल्या निघून! टाचेकडे दुर्लक्ष करून सुसाटराव जीव खाऊन लंगडत सुटले.

कोपऱ्यावर बाई थांबल्या. वाकल्या. बुटात खडा गेला म्हणाल्या. बूट काढला, उलटा केला, झटकला. त्यातून काहीही पडलं नाही. तरी त्यांनी तो पुन्हा झटकला, मग दुसराही काढला. खडा मोठा हट्टी निघाला! सुसाटराव पोचेपर्यंत तो काही सापडला नाही, आणि ते पोचल्यावर बाईंनी बूट घालून नाड्या आवळल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "काही तरी बोलायचं होतं ना तुम्हाला? बोला."

सुसाटरावांनी तोंड उघडलं. आठवडाभर घोटलेलं सगळं जिभेच्या टोकावर होतं. पण धाप अशी लागली होती, की आत काय आहे आणि बाहेर काय पडतंय याचा मेळच बसेना. "मी... ते... त्या दिवशी..." एवढं बोलून ते गुडघ्यांवर हात टेकून नुसते फुसफुसत उभे राहिले.

बाईंनी थोडी वाट बघितली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "त्या पुढच्या खांबापर्यंत मी बोलते. मग तुम्ही."